चेंडूसारखी मोटर वागळे इस्टेटमध्ये का दिसत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमी असाच येतो: गोल रोटर (मोटरचा फिरणारा भाग) एकाच मोटरमध्ये हव्या त्या दिशेला वळतो, तर मग वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या कारखान्यांत रोबोटच्या मनगटाला अजून तीन मोटरी का?

कल्पना जुनी आहे. १९५९ मध्ये विल्यम्स, लेथवेट आणि ईस्टहॅम यांनी गोल इंडक्शन मोटरचं डिझाइन मांडलं, पण ते स्टेटरचा (मोटरच्या स्थिर भागाचा) कोन बदलून वेग कमी-जास्त करण्यासाठी. रोबोटच्या मनगटासाठी तिचा विचार ऐंशीच्या दशकात झाला.

गोल रोटर फिरवणं जमतं. तो आत्ता कुठे वळलाय हे कळणं अवघड. साध्या मोटरला शाफ्ट असतो, त्याला कोन मोजणारा एन्कोडर लावला की काम झालं. इथे शाफ्टच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सिमबॉट या रोबोटमध्ये लोखंडी पोकळ गोलावर तांब्याचं कवच आहे, भोवती सहा स्टेटर, आणि त्याच एका गोलावर रोबोट तोल सांभाळून उभा राहतो. अशा मोटरमध्ये गोलाची हालचाल माउसच्या ऑप्टिकल सेन्सरने मोजता येते. पण तो सेन्सर पृष्ठभाग किती सरकला एवढंच सांगतो, चूक साठत जाते. तोल सांभाळायला ते पुरतं. मनगटाला खरा कोन लागतो, तिथे नाही पुरत.

दुसरं कारण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. साध्या मनगटात हार्मोनिक गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारा) छोट्या मोटरचा टॉर्क शंभरपटीच्या घरात नेतो आणि उभा भार ब्रेक धरून ठेवतो. गोल मोटरला गिअर नाही. हात नुसता वर धरायलाही करंट चालूच ठेवावा लागतो. शिवाय स्टेटरच्या सपाट पत्र्यांच्या (स्टॅम्पिंगच्या) थप्पीला गोल तोंड द्यायचं तर ग्राइंड करावं लागतं, कडांवरच्या बरमुळे (धातूच्या कुसांमुळे) पत्र्यांमधून एकमेकांत वीज जाऊ लागते आणि एडी करंटने, म्हणजे लोखंडातच घुमणाऱ्या प्रवाहाने, तोंड तापतं.

उपग्रहात मात्र हिला खरी जागा आहे. तीन-चार रिअॅक्शन व्हीलऐवजी (उपग्रहाची दिशा वळवणाऱ्या चाकांऐवजी) चुंबकीय आधारावर तरंगणारा एकच गोल. स्वित्झर्लंडच्या सीएसईएम या संशोधन संस्थेने असा ८ ध्रुवांचा रोटर आणि २० कॉइलचा स्टेटर मांडला.

ऐरोली-वाशीच्या मुलांनी प्रोजेक्ट करायचाच तर आधी एका कॉइलचा हिशोब करा. ०.५ मिमी तारेचे २०० वेढे, सरासरी वेढा ८ सेंमी, म्हणजे १६ मीटर तार आणि साधारण १.४ ओहम. २ अँपिअरला ५.६ वॅट उष्णता, तीही गोलापासून मिलिमीटरभर अंतरावर. साधे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांपुढे कायमची ताकद गमावू लागतात. एकच मॅग्नेट मंदावला तरी तेवढ्या बाजूला ओढ कमी पडते आणि तुमचं सगळं कॅलिब्रेशन चुकतं. म्हणून प्रत्येक कॉइलमध्ये थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) आधी बसवा, करंट देणारा ड्रायव्हर नंतर जोडा.