झीलकरी, वय वर्षे ४

आज आमच्या कळव्याच्या बालवाडीत स्पीकर बंद ठेवला. मी एक ओळ म्हणायची आणि पोरांनी तीच परत द्यायची, बस्स.

आयडिया एला जेनकिन्स बाईंची. शिकागोत वाढलेल्या कृष्णवर्णीय लोकगायिका, जन्म १९२४चा, पहिला अल्बम १९५७ला फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने काढला आणि तेव्हापासून पार म्हातारपणापर्यंत बाई लहान मुलांसोबतच गात राहिल्या, हातात युकुलेली नाहीतर माउथ ऑर्गन, आणि गंमत म्हणजे संगीताचं रीतसर शिक्षण काही नाही! २००४ला ग्रॅमीचा लाइफटाइम अचिव्हमेंट मिळाला, २०२४च्या नोव्हेंबरात गेल्या, शंभरी गाठून.

मुलांसाठी गाणारे भरपूर आहेत हो, पण मुलांकडून गाऊन घेणारे कमीच. बाईंची पद्धत म्हणजे शाहिराच्या मागे झीलकरी असतात ना, अगदी तसंच, बाई म्हणणार आणि पोरं झील धरणार, त्यात सूर लागला नाही तरी चालतं पण ताल आणि कान दोन्ही जागे राहतात, कारण समोरची ओळ नीट ऐकलीच नाही तर परत काय देणार?

आता आमचे झीलकरी. मी म्हटलं 'टाळी वाजवा', एकाने दिलं 'मांजर वाजवा', मग काय, सगळा वर्ग मांजर वाजवतोय, शेवटी तो पुढे आणि मी मागे झील धरून. (बाईंना हे आवडलं असतं असं मला उगाच वाटतंय.)

सुटताना गेटवर एक आई विचारते, टीचर, गॅदरिंगला कुठलं गाणं बसवताय? म्हटलं, मांजर.