संस्कृतात पीएच.डी.ची नोंदणी होईपर्यंत : माझा अनुभव

संस्कृतात एम.ए. झाल्यावर वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या ताम्रपटांवर (तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या लेखांवर) पीएच.डी. करायची, हे मी आधीच ठरवले होते. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन; आणि या घराण्याचे लेख एकत्र संपादित करून १९६३ साली प्रसिद्ध करणारे वा. वि. मिराशी नागपूरचेच. त्यामुळे विषय शोधण्यात माझा वेळ गेला नाही. वेळ गेला तो पात्रता सिद्ध करण्यात आणि मार्गदर्शक मिळवण्यात. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून तो सगळा प्रवास येथे मांडत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम या प्रक्रियेचा पाया आहेत. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण हवेत आणि राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जातात. ज्यांना जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळत नाही, त्यांच्या बाबतीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि हे गुण एक वर्षच ग्राह्य राहतात. माझा प्रवेश याच मार्गाने झाला.

नेटचा संस्कृतचा अभ्यासक्रम वेदांपासून व्याकरण, दर्शने, काव्यशास्त्र आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रापर्यंत पसरलेला आहे, आणि त्यात अभिलेखांचाही (कोरीव लेखांचाही) भाग आहे. तो अभ्यास मी मनापासून केला व त्याचा मला लाभही झाला. तरीही तीन तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न सोडवताना विद्यार्थ्याला संस्कृतचा एकही अनोळखी परिच्छेद स्वतः वाचून उलगडावा लागत नाही, ही मोठी उणीव आहे असे माझे ठाम मत आहे. ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासासाठी पाश्चात्त्य विद्यापीठांत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला मूळ उताऱ्यांच्या भाषांतराची परीक्षा द्यावी लागते, शिवाय संशोधनलेख वाचण्यापुरती जर्मन किंवा फ्रेंचसारखी आधुनिक भाषाही बहुधा आलीच पाहिजे, अशी अट असते. आपल्याकडे तशी अट घालायला काय हरकत आहे, हे मला आजही समजत नाही.

सर्वांत कठीण टप्पा मार्गदर्शकाचा होता. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. शिवाय ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. नियम योग्यच आहे, कारण विद्यार्थी अर्ध्यावर सुटू नये. मात्र अभिलेख जाणणारी माणसे मुळातच थोडी, आणि त्यांतली बरीचशी निवृत्तीच्या उंबरठ्यावर. त्यामुळे ज्यांच्याकडे शिकावे असे वाटे, त्यांच्याकडे जागाच नसे. एका ज्येष्ठ सरांनी तर माझा आराखडा ओळ न् ओळ तपासून दिला आणि मग शांतपणे सांगितले, “मला घेता येणार नाही, पण शंका घेऊन केव्हाही ये.” पुढे काव्यशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी मला स्वीकारले, आणि लिपीच्या शंकांसाठी सरांकडे जाण्यास त्यांनी आनंदाने संमती दिली.

मुलाखतीची तयारी करताना मी मिराशींच्या खंडातील छायाचित्रांवरून पेटिकाशीर्ष ब्राह्मी वाचण्याचा रोज सराव करीत असे. या लिपीत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोटी चौकोनी पेटी असते, आणि झिजलेल्या पत्र्यावर ती पेटी कोणती व अक्षराचा भाग कोणता, हे ठरवायलाच डोळ्यांना सवय लागते. मुलाखतीत मला वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटाच्या मुद्रेवरील ओळ वाचायला दिली गेली : “जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्”. ‘जनन्या’ ही तृतीया की षष्ठी, असा प्रश्न आला. ती षष्ठी आहे. पुढे ‘य’ असल्यामुळे विसर्गाचा लोप झाला आहे, आणि म्हणून हे शासन (राजाज्ञा) युवराजाच्या आईचे, म्हणजे मुलाच्या वतीने राज्य चालवणाऱ्या राणीचे आहे, असे मी सांगितले. मूळ मजकूर प्रत्यक्ष वाचता येतो की नाही, हे त्या संपूर्ण प्रक्रियेत फक्त त्या वेळी तपासले गेले, आणि त्याबद्दल त्या परीक्षकांविषयी माझ्या मनात आदर आहे.

कागदपत्रांचे फारसे सांगण्यासारखे नाही. स्थलांतर प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका अगोदर हाताशी ठेवाव्यात, एवढे पुरे. नोंदणीनंतर किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क असते आणि त्यात संशोधन-नैतिकतेचा अभ्यास सक्तीचा आहे. ते पूर्ण करून प्रबंध सादर करायला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षे अधिक.

संशोधन सल्लागार समितीने माझा आराखडा मंजूर करताना प्राकृत शिकण्याची सूचना केली, कारण वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याच्या वाशीम ताम्रपटात वंशावळ संस्कृतात असली तरी दानाचा मजकूर प्राकृतात आहे, आणि संस्कृतच्या बळावर तो अर्धाच वाचता येईल. नियमांत कोठेही नसलेली ही अपेक्षा मला सर्वांत आवश्यक वाटली. नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृताचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणून तेथील शिक्षकांना भेटून प्राकृत व्याकरणाचा अभ्यास कोर्सवर्कसोबतच सुरू केला आहे.