टोपली उचलली तेव्हा

आज पहाटे लेकीला घेऊन वेळासच्या किनाऱ्यावर होतो. कासवमित्राने हॅचरीतली, म्हणजे अंडी जपून ठेवतात त्या कुंपणातली, टोपली उचलली. खाली ऑलिव्ह रिडले कासवांची सात पिल्लं, लिंबाएवढी, राखाडी, पाठीवर वाळू घेऊन वळवळणारी.

लहानपणी आम्ही पोरं हीच घरटी शोधायचो. वाळूत काठी खुपसायची, टोक चिकट आलं की खणायचं. शंभरेक अंडी, पिंगपाँगच्या चेंडूंसारखी. घरी कुणी ओरडायचं नाही, उलट कालवणाची तयारी व्हायची.

कॉलेजात इंग्रज कवी कोलरिजची ती म्हाताऱ्या खलाशाची कविता (१७९८ची) वाचली आणि ती काठी आठवली. त्यानेही अल्बट्रॉस उगाच मारला होता. सोबत्यांनी मेलेला पक्षी त्याच्याच गळ्यात अडकवला. सुटका कधी झाली? पाण्यातल्या सापांचं रूप बघून नकळत त्यांना मनातून आशीर्वाद दिला, तेव्हा. 'नकळत' हा शब्द मला फार छळतो. मी तर देणगीची पावती फाडून मोकळा होणार होतो! आणि परीक्षेपुरतं वाचताना एक गोष्ट निसटली होती : पक्षी गळून पडला तरी तो सुटत नाहीच, आपली कथा सांगत गावोगाव फिरतो.

"बाबा, तू खाल्लीस ही अंडी?"

"हो."

ती काही बोलली नाही. एक पिल्लू लाटेने उलटं पडलं, तिकडे बघत राहिली. मी मात्र शेजारच्या पुण्याच्या काकांना काठीपासून सगळं सांगत सुटलो. बिचाऱ्यांना घावण्यांसाठी उशीर होत होता.