क्लच जड, सेल्फ सुस्त

भाच्याचा फोन आला आणि पहिलंच वाक्य कानावर पडलं, "मामा, गिअरबॉक्स परत उतरवतोय." परत म्हणजे महिनाभरात दुसऱ्यांदा. मी म्हटलं, पान्हा खाली ठेव, मी येतो.

पोरगा हौशी आहे, पण धसमुसळा नाही. घरच्या गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर चढवून त्याने एकट्याने क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदललं होतं. गाडी जुनी, केबलच्या क्लचची, म्हणजे पेडल दाबलं की तारेच्या केबलने क्लच ओढला जातो तशी. काम झाल्यावर आठवडाभर पेडल लोण्यासारखं होतं. मग हळूहळू जड व्हायला लागलं. रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज यायला लागला, पहिला गिअर दोनदा दाबून पडायला लागला. तेव्हा मी फोनवरच निदान केलं होतं, "केबल गेली असणार, बदल." त्याने बदलली. पेडल हलकं झालं आणि दहा दिवसांत परत दगड.

सेल्फची, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरची, तक्रार त्याने मला सांगितलीही नव्हती. क्लचचं काम केल्यापासून सेल्फ ओढत होता, पण गाडी दोन आठवडे उभी होती, बॅटरी उतरली असेल असं धरून त्याने नवी बॅटरी टाकली. तरी सुस्तच, म्हणून स्टार्टर खोलून ब्रश बदलले. माझ्या दृष्टीने ती वायरमनची भानगड आणि क्लच ही मेकॅनिकची. वीस वर्षं या धंद्यात काढूनही डोक्यातले हे दोन कप्पे काही मोडलेले नाहीत.

पोहोचलो तेव्हा त्याने गिअरबॉक्सचे वरचे दोन बोल्ट सैल केलेच होते. ते आधी घट्ट करायला लावले. प्लेट उलटी बसली असेल, ही त्याची भीती. पण उलटी बसलेली प्लेट पहिल्या दिवसापासून नडते, आठवडाभर नीट चालून मग बिघडत नाही. मी केबलचं टोक क्लचच्या लिव्हरवरून काढलं आणि लिव्हर पान्ह्याने दाबून पाहिला. प्रेशर प्लेटचा दाब नेहमीसारखा, सोडला की सरळ मागे येत होता. आतलं सगळं ठीक होतं. मग सुटलेली केबल ओढून पाहिली. आतली तार हलेचना, दोन्ही हातांनी ओढल्यावर कशीबशी बोटभर सरकली. आणि ही केबल दहा दिवसांपूर्वीची!

पहिली काढलेली केबल कोपऱ्यात पडली होती. ती ब्लेडने उभी चिरली. केबलच्या आत प्लास्टिकची बारीक नळी असते, तार तिच्यातून सरकते. फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळच्या) साधारण वीतभर भागात ती नळी तपकिरी होऊन वितळली होती आणि तारेच्या पिळांमध्ये जाऊन घट्ट चिकटली होती. नखाने खरवडली तर चुरा पडला. बाहेरच्या पोलादी गुंडाळीवर निळसर झाक आली होती. तशी झाक तापवलेल्या लोखंडावर येते, घासून कधी येत नाही.

एवढी उष्णता आली कुठून? सायलेन्सरचा पाइप केबलपासून चांगला लांब होता. केबल मूळ जागेवरून नीट नेलेली, कुठे वळण आवळलेलं नाही. मी अर्धा तास टॉर्च घेऊन बोनेटखाली डोकं घालून बसलो, आणि खरं सांगायचं तर काहीही सुचत नव्हतं. भाचा मागे उभा राहून बडबडत होता. त्यातलं एक वाक्य कानात अडकलं, "रात्री जास्त जड होतं हे पेडल. परवा पावसात तर पायाला पेटके आले."

मी विचारलं, रात्री म्हणजे? लाईट लावल्यावर?

"लाईट, ब्लोअर, वायपर, सगळंच चालू असतं की."

मी केबल परत लिव्हरला अडकवली. गाडी न्यूट्रलला ठेवून त्याला सेल्फ मारायला लावला आणि केबलच्या आवरणावर, फायरवॉलपाशी, दोन बोटं ठेवली. घुर्र... घुर्र... घुर्र. तिसऱ्या घुर्रला बोटं आपोआप मागे आली. जळक्या प्लास्टिकचा वास आला. क्लचच्या केबलमधून स्टार्टरचा करंट धावत होता.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. रबरातून वीज जात नाही, म्हणजे विजेच्या हिशोबाने इंजिन हवेतच लटकलेलं. त्याला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी जाड अर्थ पट्टी असते. या गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जातो आणि बॉडीतून विणलेली तांब्याची पट्टी गिअरबॉक्सला. छोट्या पेट्रोल इंजिनाचा स्टार्टरसुद्धा शंभर अँपिअर सहज ओढतो. ती पट्टी नसेल तर करंट घरी जायला दुसरी वाट शोधतो, आणि इंजिन ते बॉडी अशी धातूची वाट म्हणजे क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, असलंच काहीतरी. रात्रीचं कोडंही इथेच सुटलं. अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो. लाईट, ब्लोअर, वायपरला तो पुरवतो तो करंटही याच केबलमधून परत येतो, आणि तोही सेल्फसारखा दोन-चार सेकंद नाही, तर गाडी चालेल तितका वेळ.

भाचा लगेच म्हणाला, "पण मामा, अर्थिंग मी तपासलंय. मीटर बीप देतो." आणि खरंच, त्याने एक प्रोब इंजिनाला, दुसरा निगेटिव्हला लावून बीप ऐकवला. बीप देणारच. मीटर तपासताना नखाएवढाही करंट सोडत नाही. तेवढ्याला केबलची तार म्हणजे हमरस्ता. शंभर अँपिअर सोडले की तीच वाट गल्लीबोळ होते.

मीटर व्होल्टवर घेतला. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. आला 3.4. त्याच वेळी बॅटरीवर 10.9 होते, म्हणजे बिचाऱ्या स्टार्टरच्या वाट्याला साडेसात. नव्या बॅटरीचा आणि नव्या ब्रशचा काय दोष? शंभर अँपिअर धरले तर 3.4 व्होल्ट म्हणजे वाटेत जेमतेम 0.034 ओहम, जो साध्या मल्टिमीटरला ओहमवर दिसतही नाही. पण तेवढ्यात 340 वॉट उष्णता होते, आणि ती या बारीक तारांमध्ये.

जंप केबलचा एक चिमटा निगेटिव्हला, दुसरा इंजिन उचलायच्या हुकाला लावला. "मार सेल्फ." अर्ध्या सेकंदात इंजिन चालू. भाचा स्टिअरिंगमागे नुसता बघत राहिला.

मग पट्टीचा शोध. त्याच्याकडे उरलेल्या नट-बोल्टचा प्लास्टिकचा डबा होता. (घरी काम करणाऱ्या प्रत्येकाकडे असा डबा असतो आणि तो पाहुण्यांना दाखवत नाहीत.) तळाशी दोन्ही टोकांना डोळे असलेली विणलेली पट्टी गुंडाळून ठेवलेली. "ही? ही मला वायरिंगचं आवरण वाटलं." गिअरबॉक्स उतरवताना काढली आणि चढवताना राहिली. ती गिअरबॉक्सच्या ज्या बोल्टखाली बसते तो बोल्ट पट्टीशिवायही छान आवळला जातो, त्यामुळे काही राहिलंय हे जाणवतच नाही.

वर त्याने गिअरबॉक्स घासून पुसून काळा रंग दिला होता, बॉडीवरची पट्टीची जागासुद्धा. इतका सुंदर हात मारला होता की खरवडताना वाईट वाटलं. दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत केल्या, पट्टीचे डोळे घासले, दातेरी वॉशर घालून आवळलं आणि बाहेरून थोडं ग्रीस फासलं. परत मीटर लावला, सेल्फ मारताना 0.12.

एवढ्यावर तो खूश होता. नवी क्लच केबल टाकू, झालं. मी अॅक्सिलरेटरची केबल कार्ब्युरेटरकडच्या टोकाने सोडवली. वरून धडधाकट होती, पेडलही नीट परत यायचं. पण तार दोन बोटांत धरून अगदी हळू ओढली की एका ठिकाणी बारीकसा अडथळा लागायचा, गाठीवरून बोट फिरावं तसा. त्याच्या हातात दिली तर त्याला आधी लागेना. डोळे मिटायला लावले, मग लागला. क्लचची केबल अडकली तर गिअर खरखरतो. ही अडकली तर गाडी रेस होऊन तशीच राहते. दोन्ही केबल येईपर्यंत गाडी हलवायची नाही, असं बजावून मी किल्ली घेऊनच निघालो.

तिसऱ्या दिवशी केबल बसवल्या. अंधार पडल्यावर लाईट, ब्लोअर, वायपर सगळं लावून आम्ही गाडी गॅरेजच्या दारात अर्धा तास चालू ठेवली. तो दर पाच मिनिटांनी बोनेट उघडून क्लचच्या केबलला हात लावून यायचा आणि सांगायचा, "गार आहे." शेवटी मी म्हटलं, बास आता, बॉडीवर ठेव एकदा हात, ती तापलीय का बघ. तर तो खरंच जाऊन बघून आला.