किलवर गुलाम

परवा दुपारी कपाटाचा खालचा खण आवरताना पत्त्यांचा जुना कॅट हाती लागला. त्यातला किलवरचा गुलाम आम्ही लहानपणीच हरवला होता, म्हणून त्याच्या जागी थोरल्या काकांचे व्हिजिटिंग कार्ड भरती केले होते आणि कोऱ्या बाजूवर मी निळ्या शाईने 'किलवर गुलाम' असे लिहिले होते. पान हातात धरले की काकांचे नाव आणि 'कार्यकारी अभियंता' हा हुद्दा समोरच्याकडे होई, त्यामुळे काका कोणाकडे आहेत हे सगळ्या डावाला आधीच ठाऊक असे. एका मे महिन्यात काका स्वतः झब्बूला बसले आणि नेमके तेच पान त्यांच्या वाट्याला आले. “अरे, निदान राजा तरी करायचंत!” ते म्हणाले. राजा हरवलेला नाही, हे आमचे उत्तर त्यांना पटले नाही.

काकांची तक्रार खानदानी होती, हे मला फार उशिरा कळले. फ्रान्समधल्या लिआँ शहरात १६५९ साली क्लोद-ओरोन्स फिने द ब्रियाँव्हील या धर्मगुरूने कुलचिन्हांची विद्या खेळता खेळता यावी म्हणून पत्त्यांचा एक कॅट काढला, ज्याच्या पानापानावर राजघराण्यांच्या आणि सरदारघराण्यांच्या ढाली होत्या. योजना नामी होती. परंतु बावन्न पानांत चार गुलाम येतातच, आणि काही राजपुत्रांची चिन्हे गुलामांवर व एक्क्यांवर आल्याने नगराच्या अधिकाऱ्यांनी छपाईचे ठसेच जप्त केले. अखेर त्याने गुलामांना 'राजपुत्र' आणि एक्क्यांना 'सरदार' म्हटले, तेव्हा प्रकरण मिटले. एक्क्याचा राग का यावा, हे मात्र मला उमगत नाही. आमच्याकडे एक्का राजालाही खातो.

व्हिएन्नाच्या संग्रहालयात याहून दोनशे वर्षे जुना, सुमारे १४५५ चा, अठ्ठेचाळीस पानांचा संच आहे. त्यात जर्मनी, फ्रान्स, बोहेमिया आणि हंगेरी असे चार रंग आहेत. प्रत्येकात राजा सर्वांत वर, विदूषक सर्वांत खाली, आणि राजाच्या पानावरची ढाल विदूषकाच्याही पानावर. ती ढाल राज्याची होती, कुणा एकाच्या घरची नव्हती, म्हणून ते खपून गेले असावे.

काकांनी त्या दिवशी खिशातले पेन काढून 'गुलाम' खोडले आणि वर 'जॅक' असे लिहिले. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले. परवा खणाच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, खरा किलवर गुलामही मिळाला. आता कॅटमध्ये त्रेपन्न पाने झाली आहेत.