टोकियो की फुकुओका? जपानी शिकायला येणाऱ्यांसाठी

मावशीची मुलगी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी पास झाली आणि त्याच रात्री तिचा मेसेज, "ताई, टोकियो की ओसाका? तू सांगशील तिथल्या भाषाशाळेचा फॉर्म भरते." मी लगेच उत्तर दिलं नाही. निघायच्या आधी मी पण सगळ्यांना हेच विचारत होते आणि प्रत्येकाने मला शहराचंच नाव सांगितलं, वर्गात शेजारी कोण बसणार हे कोणीच बोललं नाही. फुकुओकात आता माझं तिसरं वर्ष चालू आहे, दीड वर्ष भाषाशाळा झाली, आता नोकरी. तिला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, पुण्या-साताऱ्याकडून बरेच जण तयारी करतायत, त्यांना पण उपयोग होईल.

सगळ्यात आधी वर्गाचं. आपल्या मराठी माणसाला जपानी व्याकरण खरंच सोपं जातं, क्रियापद शेवटी, ला-ने-चा सारखे प्रत्यय नामाच्या मागे, आणि काही गोष्टी तर इतक्या जुळतात की मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला. 'मिरु' म्हणजे बघणं आणि 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं! अगदी आपल्यासारखंच. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे पाठ करावं लागतं, आपल्याला ते आतूनच कळतं, म्हणून बोलण्यात आपण भराभर पुढे जातो. पण कांजी म्हणजे चिनी लिपीतून घेतलेली अक्षरं आली की सगळं उलटं होतं. रोजच्या वापराच्या म्हणून सरकारने ठरवलेल्या कांजी २१३६ आहेत, आणि एकेकीचे उच्चार किती! जन्म, जगणं या अर्थाची एकच कांजी घ्या, 'गाकुसेई' म्हणजे विद्यार्थी यात ती 'सेई', 'तान्जोबी' म्हणजे वाढदिवस यात 'जो', आणि 'इकिरु' म्हणजे जगणं यात नुसती 'इ'.

माझ्या पहिल्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं चीन आणि तैवानची होती. त्यांना उतारा दिला की नजर टाकूनच अर्थ लागायचा, त्यामुळे सेन्सेई वाचनाचा धडा वीस मिनिटांत संपवायच्या आणि मी अजून दुसऱ्या ओळीत. पहिले तीन महिने मी रोज रात्री रडले आहे, हे घरी आजपर्यंत सांगितलेलं नाही. शेवटी धीर करून ऑफिसात गेले, वर्ग बदलून मागितला, आणि तेव्हा कळलं की कांजी नसलेल्या देशांना जपानीत 'हिकांजिकेन' म्हणतात आणि काही शाळा तिथल्या मुलांसाठी वेगळे वर्ग चालवतात. हे मी निघायच्या आधी एका ईमेलमध्ये विचारू शकले असते. नव्या वर्गात नेपाळ आणि व्हिएतनामची मुलं जास्त होती, वेग बरोबर होता पण तिथे वेगळीच गोष्ट झाली, नेपाळी मैत्रिणींना हिंदी छान येतं त्यामुळे मधल्या सुट्टीत आम्ही हिंदीच बोलायला लागलो. खूप जीव लावला त्यांनी मला, पण जपानी तेवढं मागे राहिलं. म्हणून शाळेला सरळ विचारा, वर्गात किती मुलं, कुठल्या कुठल्या देशांची, एकाच देशाची अर्ध्याच्या वर आहेत का.

दुसरं, शाळा कशासाठी तयारी करून घेते. बऱ्याच शाळांचा सगळा भर विद्यापीठात प्रवेशावर असतो, जून आणि नोव्हेंबरमध्ये परदेशी विद्यार्थ्यांची जी प्रवेश परीक्षा असते तिच्यावर. तुम्ही इंजिनिअर आहात, नोकरी करायचीय, तर तुम्हाला केइगो म्हणजे आदराची भाषा, मुलाखत, ईमेल हे पाहिजे आणि साधारण एन२ पर्यंत (एन४ च्या दोन पायऱ्या वर) पोचायचंय, मग अशा शाळेत तुमचे तास वाया जातात.

आता शहर. एका एजंटने मला टोकियोच घ्या, तिथे बायतोला म्हणजे पार्टटाइम कामाला पैसे जास्त असं सांगितलं होतं. खरंय, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ठरलेला किमान दर टोकियोत तासाला ११६३ येन आणि फुकुओकात ९९२ होता. पण विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासच काम करता येतं, त्याचीही परवानगी काढावी लागते, (लांब सुट्टीत दिवसाला ८ तास) म्हणजे महिन्याला फरक पडतो साधारण १९ हजार येनचा आणि तो भाड्यातच जातो. इथे मी कॉलेजच्या पोरी राहतात तशा छोट्या खोलीत राहून सायकलने शाळेत जायचे, लोकल नाही की पास नाही. आणि विमानतळावरून मेट्रोने पाच मिनिटांत हाकाता म्हणजे इथलं मुख्य स्टेशन, आईबाबा आले तेव्हा त्यांना खरंच वाटेना.

टोकियोत निशी-कासाई नावाची वस्ती आहे, आपली माणसं, किराणा, दिवाळी सगळं आहे, आणि त्याच एदोगावा भागातून २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, अभिमान वाटतोच. एकटेपणाची फार भीती असेल तर टोकियो घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण मला माहीत होतं की आजूबाजूला मराठी असलं की मी त्यातच रमणार.

फुकुओका म्हटल्यावर अजून एक भीती घालतात, तिकडची बोली लागेल म्हणून. मी सुपरमार्केटच्या बेन्तो म्हणजे तयार डब्यांच्या विभागात काम करायचे, सगळ्या साठीच्या बायका, हाकाता-बेन म्हणजे इथली बोली बोलणाऱ्या. काही चुकलं की 'योका योका' म्हणायच्या. वर्गात 'ठीक'ला 'इई' शिकलेले, योका कुठलं? मग लक्षात आलं की हे आपलं साताऱ्याचं 'चालतंय की'. पुस्तकातली भाषा शाळेत शिकले पण जपानी ऐकायला कान तयार केला तो या बायकांनी, आणि ऑफिसात मी नीट प्रमाण जपानीच बोलते, काही बिघडलं नाही.

पैशांचं थोडक्यात. फी वर्षाला साधारण ७ ते ९ लाख येन, एका येनचे पन्नास-साठ पैसे धरा. पहिल्या वर्षाची फी आणि सुरुवातीचे सहा महिने तरी घरून पैसे हातात ठेवूनच या, बायतोवर फी निघत नाही आणि हजेरी ८०% च्या खाली गेली की व्हिसा वाढवताना अडकतं. प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत असतात, एप्रिलला आलात तर दोन वर्षं मिळतात, ऑक्टोबरला दीड. एप्रिलसाठी कागद आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या आसपासच द्यावे लागतात, म्हणजे डिसेंबरच्या जेएलपीटीच्या निकालाची वाट बघत बसू नका. आणि २०२४ च्या एप्रिलपासून भाषाशाळांना सरकारी मान्यतेची नवी पद्धत सुरू झालीय, जुन्या शाळांना २०२९ च्या मार्चपर्यंत मुदत आहे, तुमच्या शाळेला ती मान्यता मिळालीय का, अर्ज केलाय का, हे विचाराच.

बहिणीच्या यादीत आता दोन शाळा उरल्यात, एक ओसाकातली, एक इथली. उद्या जपानच्या दहा वाजता म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला ती दोन्हीकडे स्वतः फोन करणार आहे, जपानीतून. हिकांजिकेनचा वेगळा वर्ग आहे का, हा पहिला प्रश्न तिने वहीत हिरागानात म्हणजे जपानीच्या साध्या उच्चारलिपीत लिहून ठेवलाय आणि आत्ता मला तिसऱ्यांदा वाचून दाखवला.