मोठ्या दिसणाऱ्या रंध्रांसाठी मुलतानी मातीचा लेप

नाकावर आणि नाकालगतच्या गालांवर जी बारीक छिद्रे आरशात उठून दिसतात, ती घरगुती लेपाने कायमची बुजतात असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. रंध्र म्हणजे केसाचे मूळ आणि त्याला जोडलेली तैलग्रंथी यांचे त्वचेवर उघडणारे तोंड. त्याची उघडझाप करणारा स्नायू तेथे नसतो, त्यामुळे वाफेने ते उघडत नाही आणि बर्फाने मिटत नाही. त्याचा आकार बराचसा आनुवंशिक असतो, परंतु तेल जास्त सुटले, मृत पेशी तोंडाशी साचल्या किंवा वय आणि ऊन यांमुळे कोलॅजेन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) कमी होऊन भोवतालची त्वचा सैल पडली, की ते आहे त्याहून मोठे दिसू लागते. यांपैकी तेल आणि मृत पेशी एवढ्यांवरच लेपाचा थोडाफार इलाज चालतो, आणि तोही काही काळापुरता. तेलकट त्वचेला मात्र तेवढ्यानेही फार बरे वाटते, म्हणून मी हा लेप नेमाने करते.

दोन चहाचे चमचे मुलतानी माती, एक चमचा ताजे, गोडसर दही आणि सरसरीत होण्यापुरते गुलाबपाणी एवढेच साहित्य लागते. माती वस्त्रगाळ असावी, याबाबतीत मी फार काटेकोर आहे, कारण खरखरीत कण चेहऱ्यावर चोळले गेले तर त्वचा सोलवटते आणि लालसर झालेल्या त्वचेवर रंध्रे अधिकच ठळक दिसतात. दिवाळीचे उरलेले उटणे मी याच कारणासाठी चेहऱ्याला वापरत नाही. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा यांची जाडसर भरड हातापायांना सोसते, गालांना सोसत नाही. मुलतानी मातीच्या कणांना तेल शोषून धरण्याचा गुण असतो, आणि याच गुणामुळे अशा प्रकारची माती पूर्वी युरोपात लोकरीतील तेलकटपणा काढण्यासाठी वापरत. दह्यातील लॅक्टिक आम्ल मृत पेशी किंचित सैल करते, आणि दह्यातील स्निग्धतेमुळे लेप चेहऱ्याला एकदम ओढत नाही.

चेहरा कोमट पाण्याने धुऊन, टिपून घ्यावा आणि कपाळ, नाक, हनुवटी व गालांचा तेलकट भाग एवढ्यावरच पातळ थर द्यावा. डोळ्यांभोवतीची आणि ओठांलगतची जागा सोडावी. दहा मिनिटांच्या आत, कडा फिकट पडू लागल्या आणि मधला भाग अजून ओलसर आहे अशा वेळी, लेप पाण्याने भिजवून अलगद धुवावा. लेप पार वाळून त्याला तडे जाईपर्यंत बसून राहण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण तोवर माती त्वचेतला ओलावाही ओढून घेते आणि चेहरा आग करू लागतो. त्यानंतर हलके मॉइश्चरायझर लावावे. आठवड्यातून एकदा पुरे. कोरड्या किंवा इसब असलेल्या त्वचेने या लेपाच्या वाटेला जाऊच नये. पहिल्यांदा करताना थोडा लेप कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवावा आणि एक-दोन दिवस वाट पाहावी.

या लेपात लिंबू पिळू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. त्वचेचा सामू (pH; हा आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. शिवाय त्यातील काही द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. खाण्याचा सोडा उलट टोकाचा, म्हणजे अल्कधर्मी, म्हणून तोही नको. अंड्याचा पांढरा भाग वाळताना त्वचा ताणल्यासारखी वाटते खरी, पण चेहरा धुतला की तो ताण जातो, आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो तो वेगळाच.

नाकावरचे करडे ठिपके नखाने दाबून काढण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांतले बरेचसे ब्लॅकहेड्स नसून रंध्रांतून तेल वर आणणारे नैसर्गिक धागे असतात. काढले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात, आणि दाबल्याने भोवतालच्या त्वचेला इजा होते ती निराळी. ज्यांना अधिक टिकाऊ फरक हवा आहे त्यांनी रोज सनस्क्रीन लावावे आणि सॅलिसिलिक आम्ल किंवा रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाशी संबंधित औषधे) यांबद्दल त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. गरोदरपणात मात्र रेटिनॉइड वापरू नये. अशी औषधे सुरू असताना त्वचा आधीच नाजूक झालेली असते, त्यामुळे तेवढे दिवस हा लेप बंद ठेवावा.